बुडालेल्या कंपनीच्या सभेत छोट्या व्यापाऱ्याची खुर्ची कुठे?

शुक्रवार पेठेतल्या आमच्या दुकानात गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. कुणा व्यापारी बांधवाने मुंबईच्या नाही तर गुजरातच्या एखाद्या मोठ्या कंपनीला टॉवेल, चादरी उधारीवर दिलेल्या असतात. दोन-तीन बिले थकतात. इकडून तकाजा चालू, तिकडून 'पुढच्या आठवड्यात' चालू. मग एके दिवशी कळते की कंपनी 'एनसीएलटी'मध्ये गेली. हा भाऊ बिलांची थप्पी घेऊन आमच्याकडे येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान असते. म्हणतो, "भाई, एका परीने बरे झाले. आता कंपनी कोर्टाच्या ताब्यात आहे. कोर्टच सगळ्यांचा हिशेब करून वाटून देईल."

हा गैरसमज महागात पडतो म्हणून हा लेख. कोर्ट वाटून देत नाही. कुणाला किती द्यायचे हे घेणेकऱ्यांची समिती सभेत मतदान करून ठरवते, आणि त्या समितीत बसतात बँका. कोर्ट पाहते ते इतकेच की सभा कायद्याप्रमाणे भरली की नाही, बसायला नको तो माणूस बसला नाही ना, मते बरोबर मोजली की नाही आणि कायद्याने ज्याचे जेवढे किमान ठरवले आहे तेवढे त्याला ठेवले की नाही. सौदा चांगला झाला की वाईट, हे कोर्ट बघत नाही. हा फरक ज्याला कळला त्याने कागद वेळेवर भरला. ज्याला कळला नाही तो फैसल्याची वाट पाहत बसला.

आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. कायद्याची मराठी आम्हालाही जड जाते. 'अवसायन' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा काही तरी औषध असावे असे वाटले होते. पण २०१६ च्या ज्या कायद्याबद्दल आम्ही लिहीत आहोत त्याचे मराठी नाव 'नादारी व दिवाळखोरी संहिता' असे आहे, आणि नादार हा शब्द तर आमच्या घरचाच. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. जुन्या पिढीतल्या मराठी शाळांतही गरीब मुलाला फी माफ झाली की 'नादारी मिळाली' म्हणत. फरक इतकाच की कंपनीला नादारी मिळते तेव्हा तिची फी आपण भरतो.

सोलापूरकरांना हा मामला तसा नवा नाही. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद पडली. हजारो घरांची चूल तिच्यावर होती. ९ जानेवारी १९५० रोजी भारत सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि आपले संचालक नेमले. त्याच साली त्याचा कायदाही झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. भागधारकांनी सभेत केलेला कोणताही ठराव सरकारच्या मंजुरीशिवाय अमलात येणार नाही. आणि सरकारच्या परवानगीशिवाय कंपनी गुंडाळण्याचा अर्ज कोर्टात चालणार नाही. म्हणजे सभा असून नसल्यासारखी आणि कोर्टाचे दार अर्धे बंद.

यावरून दोन भागधारक सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले. चिरंजितलाल चौधरी ४ डिसेंबर १९५० रोजी हरले. दुसरे द्वारकादास श्रीनिवास. सरकारी संचालकांनी त्यांच्या प्रेफरन्स शेअरवर शेअरमागे ५० रुपये मागितले होते. ते १८ डिसेंबर १९५३ रोजी जिंकले, कारण मोबदला न देता मालकाचे हक्क असे काढून घेता येत नाहीत असे कोर्टाने ठरवले. कायद्याचे विद्यार्थी आजही हे दोन खटले सोलापूरच्या नावाने शिकतात. आपल्या पेठेत मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

तेव्हा भांडण भागधारकांचे होते. माल देणाऱ्या व्यापाऱ्याचे भांडण वेगळे. १९५६ च्या कंपनी कायद्यात त्यासाठी ३९१ कलम होते. हायकोर्ट घेणेकऱ्यांची सभा बोलवायला सांगे, अध्यक्ष नेमे, अध्यक्ष कोर्टाला अहवाल देई. सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी डोकी मोजून बहुमत आणि रकमेच्या हिशेबाने तीन-चतुर्थांश, असे दोन्ही जमले तरच कोर्ट तडजोडीवर शिक्का मारी. डोकी मोजत होते, ही त्यात छोट्या माणसाच्या सोयीची गोष्ट होती. तरी तेव्हाही कोर्ट सौद्यात हात घालत नसे. कापड धंद्यातल्याच मफतलाल घराण्याच्या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणात १९९६ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितले: सभा रीतसर झाली का, एका वर्गातल्या लोकांना न्याय्य प्रतिनिधित्व मिळाले का, बहुमत प्रामाणिक होते का, एवढे आम्ही पाहू. व्यापारी शहाणपण ज्याचे त्याने वापरावे.

नव्या संहितेने हेच तत्त्व पुढे नेले, पण डोकी मोजणे बंद केले. आज होते ते असे. कंपनीविरुद्धचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला की संचालक मंडळाचा अधिकार थांबतो आणि एक रेझोल्युशन प्रोफेशनल कारभार हाती घेतो. तो सगळ्यांचे दावे मागवतो आणि घेणेकऱ्यांची समिती बनवतो. समितीत मत असते ते पैसा कर्जाऊ देणाऱ्यांना, म्हणजे बहुतेक बँकांना. ज्याने माल दिला किंवा काम केले त्याला कायदा 'ऑपरेशनल क्रेडिटर' म्हणतो. तुम्ही आम्ही त्यात. अशा सगळ्यांची मिळून येणी एकूण कर्जाच्या १० टक्के भरली तर त्यांच्या प्रतिनिधीला सभेची नोटीस मिळते आणि तो बसून ऐकू शकतो, बोलू शकतो. मत देऊ शकत नाही. १० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर नोटीससुद्धा नाही.

एक अपवाद आमच्या लोकांनी लक्षात ठेवावा. ज्या कंपनीवर बँकेचे कर्जच नाही, तिथे माल देणाऱ्यांपैकी सर्वात मोठी येणी असलेले १८ जण, कामगारांचा एक आणि कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी मिळून समिती बनते. तिथे खुर्ची आपली असते. पण तिथेही दावा भरलेलाच माणूस बसतो.

सभेचे नियम तसे बारकाईचे आहेत. साधारणपणे पाच दिवस आधी नोटीस, मताधिकाराच्या निदान ३३ टक्के इतके सभासद हजर, साधा निर्णय ५१ टक्क्यांनी, आणि कंपनी कुणाला किती रुपयांत द्यायची ही योजना ६६ टक्क्यांनी. ही ६६ ची गोष्ट सुरुवातीला ७५ होती. ती कशी बदलली याचे उत्तम उदाहरण आपल्याच धंद्यातले आहे.

आलोक इंडस्ट्रीज ही सूत, कापड, चादरी आणि टेरी टॉवेल बनवणारी मोठी कंपनी. जुलै २०१७ मध्ये अहमदाबादच्या खंडपीठाने तिचा अर्ज दाखल करून घेतला. घेणेकऱ्यांचे दावे ३० हजार कोटींच्या आसपास. रिलायन्स आणि जेएम फायनान्शियलच्या कंपनीने मिळून सुमारे पाच हजार कोटींची योजना दिली. एप्रिल २०१८ मध्ये मतदान झाले तेव्हा बाजूने साधारण ७० टक्के मते पडली. हवी होती ७५. योजना पडली, कंपनी भंगाराच्या भावाने विकली जाण्याची वेळ आली. तेवढ्यात ६ जून २०१८ रोजी वटहुकूम निघाला आणि ७५ चे ६६ झाले. न्यायाधिकरणाने समितीला फेरविचार करायला सांगितले. त्याच जूनमध्ये दुसऱ्यांदा मतदान झाले, ७२ टक्के मते पडली आणि मार्च २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने मंजुरी दिली. कोर्टाची भूमिका यात नीट दिसते. त्याने योजनेचा एक रुपया वाढवला नाही की कमी केला नाही. सभा पुन्हा भरवली.

आता कोर्टाला वाईट वाटले तर काय होते? त्यासाठी व्हिडिओकॉनकडे पाहू. मराठवाड्यातून मोठी झालेली ही कंपनी. पैठण तालुक्यातल्या चितेगावचा तिचा कारखाना आपल्याकडच्या कितीतरी लोकांना ठाऊक आहे. तिच्यासह एकूण १३ कंपन्यांचा मामला मुंबई खंडपीठाने एकत्र केला. घेणेकऱ्यांनी मागितले ७१,४३३ कोटी रुपये. त्यातले मान्य झाले ६४,८३८ कोटी. आणि जी योजना समितीने ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी पास केली ती होती २,९६२ कोटींची. मागणीच्या ४.१५ टक्के. माल आणि सेवा देणाऱ्या छोट्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला आले ०.७२ टक्का. म्हणजे ज्याचे एक लाख अडकले होते त्याला साधारण सातशे वीस रुपये. सोलापूर ते मुंबई जाऊन येण्याचा खर्चही निघत नाही.

८ जून २०२१ च्या आदेशात न्यायाधिकरणाने आपली नाराजी लपवली नाही. बँका ज्याला हेअरकट म्हणतात ते हे नसून पूर्ण मुंडन आहे, अशा अर्थाची टीका त्यात आहे. कंपनी मोडून विकली तर येणारी किंमत सुमारे २,५६८ कोटी काढली होती आणि बोली तिच्या इतकी जवळ कशी आली, याचेही आश्चर्य त्यांनी नोंदवले. लहान उद्योगांना जास्त द्यावे अशी समितीला आणि कंपनी घेणाऱ्याला सूचना केली, विनंती केली. आणि योजना मंजूर केली. विनंती हा शब्द वाचकांनी पुन्हा वाचावा. ज्याच्या हातात हुकूम असतो तो विनंती करत नाही.

पुढे ही योजना अडली, पण ती व्यापाऱ्यांच्या तक्रारीने नव्हे. बँक ऑफ महाराष्ट्र आणि आयएफसीआय हे समितीतच बसलेले, विरोधात मत दिलेले घेणेकरी अपिलात गेले. दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाने आधी स्थगिती दिली आणि ५ जानेवारी २०२२ रोजी मंजुरी रद्द करून मामला पुन्हा समितीकडे पाठवला. तिथेही पाहा, रक्कम वरच्या कोर्टाने ठरवली नाही. सभेकडेच परत पाठवले.

कोर्टाने रक्कम ठरवण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. एस्सार स्टीलच्या प्रकरणात जुलै २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने बँका आणि माल देणारे दोघांनाही सारख्याच प्रमाणात, साधारण ६० टक्के द्या असा आदेश दिला. व्यापारी वर्गात मोठा आनंद झाला, आम्हीही खूश झालो होतो. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. वाटणी समितीचा अधिकार आहे. न्यायाधिकरणाला फार तर योजना परत पाठवता येईल, आकडे बदलता येणार नाहीत. आमच्या मते हा कायदा बँकेच्या बाजूला जास्त झुकलेला आहे. बँकेजवळ तारण असते, वैयक्तिक हमी असते. आमच्याजवळ बिल असते आणि भरवसा. पण कायदा जसा आहे तसा आहे, आणि त्यातच वाट काढायची आहे.

मग कोर्ट ऐकते ते काय? योजना कायद्याविरुद्ध असेल, रेझोल्युशन प्रोफेशनलने कामात मोठी गडबड केली असेल, किंवा माल देणाऱ्यांचे जे किमान कायद्याने ठेवायला सांगितले आहे ते ठेवले नसेल, तर अपील चालते, आणि त्याला ३० दिवसांची मुदत आहे. किमान म्हणजे कंपनी मोडून विकली असती तर जे मिळाले असते तेवढे, किंवा योजनेची रक्कम त्याच क्रमाने वाटली असती तर मिळाले असते तेवढे, यातले जास्त असेल ते. हे ऐकायला बरे वाटते. पण मोडून विकताना क्रम असा लागतो: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकार, आणि त्यानंतर उरलेली देणी. आपण उरलेल्यात. तिथपर्यंत पैसा क्वचितच पोहोचतो.

सभेत कोण बसला यावर मात्र कोर्ट कडक आहे. कंपनीच्या मालकाचे नातेवाईक, त्याच्याच घरच्या दुसऱ्या कंपन्या घेणेकरी म्हणून पुढे येतात, तेव्हा त्यांना मत देता येत नाही. नाते कागदावर तोडून समितीत घुसण्याचा प्रयत्नही चालत नाही, असे सुप्रीम कोर्टाने १ फेब्रुवारी २०२१ च्या फिनिक्स आर्क प्रकरणात ठरवले. बाजारात आपल्याला अशा गोष्टी बँकेच्या आधी कळतात. अमक्याचा साडू तमक्या नावाने कंपनी चालवतो, हे पेठेला ठाऊक असते. अशी माहिती पुराव्यासह रेझोल्युशन प्रोफेशनलला लेखी द्यावी. त्याने ऐकले नाही तर न्यायाधिकरणासमोर अर्ज करता येतो.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. २०१९ साली परगावच्या एका कंपनीकडे आमचे साडेसहा लाख अडकले होते. नाव लिहीत नाही. ती न्यायाधिकरणात गेल्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली, पण ती तिच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या शहरातल्या वर्तमानपत्रांत. सोलापुरात आम्ही ती कुठून पाहणार? चार महिन्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याकडून कळले. घाईघाईने दावा पाठवला तर मुदत संपली म्हणून परत आला. तेव्हा शेवटची मर्यादा ९० दिवस होती. वकिलाला भेटलो, तर त्याने पहिला प्रश्न विचारला, मालाची पोच कुठे आहे? निम्म्या बिलांवर समोरच्याची सहीच नव्हती. वीस वर्षांचा व्यवहार, सही कसली मागायची, असे आमचे चालले होते. ती रक्कम आम्ही खात्यातून काढून टाकली.

म्हणून सांगतो. मोठ्या कंपनीला उधारी दिलेली असेल तर दर महिन्याला भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर तिचे नाव शोधावे. जाहीर सूचना तिथे येतात. मुलांना सांगा, मोबाइलवर दोन मिनिटांचे काम आहे. दावा 'फॉर्म बी'मध्ये भरायचा, त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि रकमेची खालची मर्यादाही नाही. एक कोटीची जी मर्यादा ऐकू येते ती स्वतः कंपनीला न्यायाधिकरणात खेचायची असेल तर. २४ मार्च २०२० पासून ती एक लाखाची एक कोटी झाली. दाव्याला ती लागू नाही. बिले, सहीची पोच, एलआर, ई-वे बिल, खातेउतारा आणि बँकेचे पासबुक जोडावे. फॉर्ममध्ये व्याजाचा रकाना असतो. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी मुद्दल लिहावी, दावा अडत नाही. मुदत सूचनेत लिहिलेली असते, साधारण प्रोफेशनलच्या नेमणुकीपासून १४ दिवस. २०२३ च्या सुधारणेनंतर उशिरा आलेला दावाही कारण दिल्यास पुढे जाऊ शकतो, पण तो समितीपुढून न्यायाधिकरणापर्यंत जातो आणि त्यात काळ जातो. त्या भरवशावर राहू नये. कारण १३ एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले आहे की योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेले येणे कायमचे संपले. नवा मालक ओळखसुद्धा देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये या संहितेत बदल करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले, तेव्हा फॉर्म भरताना त्या दिवशीचा नियम आपल्या सीएकडून पाहून घ्यावा.

चेक परत आला असेल त्यांच्यासाठी: न्यायाधिकरणाने अर्ज दाखल केल्यापासून कंपनीविरुद्धचे चेकचे खटले थांबतात, पण चेकवर सही करणाऱ्या आणि कारभार पाहणाऱ्या संचालकांविरुद्ध ते चालू राहतात. १ मार्च २०२१ च्या निकालाने हे पक्के झाले. पुष्कळ जण वकिलाचे ऐकून खटलाच सोडून देतात.

कारागीर बांधवांची गोष्ट याहून वेगळी आहे. ज्याने आपले सूत किंवा कापड रंगाईला, प्रोसेसला दुसऱ्याच्या कारखान्यात ठेवले आहे, त्याचा तो माल कंपनीची मालमत्ता नव्हे. ती अमानत आहे, आणि कायदाही तसेच म्हणतो: दुसऱ्याच्या मालकीचा, करारावर ठेवलेला माल समितीच्या वाटणीत येत नाही. तो उधारीचा दावा म्हणून भरू नये. चलन दाखवून, ठाण आणि वजन लिहून, माल परत मागणारा अर्ज प्रोफेशनलला द्यावा, आणि तोही लगेच, माल हलवला जाण्याआधी. चलनावर 'जॉबवर्कसाठी' हे शब्द नसतील तर मात्र आपलाच माल आपला म्हणून सिद्ध करत बसावे लागते.

शेवटचा मुद्दा आमच्या पेठेपुरता. वर लिहिलेले सगळे कंपनी आणि एलएलपी यांना लागू आहे. ज्याला माल दिला तो एकट्याचा धंदा किंवा भागीदारी पेढी असेल, आणि आपल्याकडचे बहुतेक यंत्रमागवाले तसेच आहेत, तर न्यायाधिकरण नाही, समिती नाही. तिथे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि सोलापूरचे जिल्हा न्यायालय. बिलावर समोरच्याच्या नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे की नाही, हे माल गाडीत चढण्याआधी वाचून घ्यावे.